मैदान कोणाच्या मालकीचे?

धानाची कापणी आटोपत आली आणि भाऊबिजेनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की भंडारा जिल्ह्यात नाटक, दंडार आणि सामने यांची एकच गर्दी उसळते. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेले बपेरा हे गाव याच पट्ट्यातले. येथे कबड्डीचे सामने भरवावयाचे तर लागते तरी काय? एक रिकामी बांधी, चुन्याच्या चार रेषा आणि छातीत दम. आयोजक मंडळाने पक्षपात केला किंवा बक्षिसाची रक्कम ठरल्याप्रमाणे दिली नाही, तर रुसलेला संघ पुढच्या गावच्या सामन्यांना जातो. अगदीच इरेला पेटला तर स्वतःचे सामने भरवतो. त्याला कबड्डी खेळण्यापासून रोखण्याची ताकद कोणाच्याही हाती नाही. शंकरराव साळवींसारख्यांनी आयुष्य वेचून या खेळाला नियम दिले, संघटना दिली. परंतु खेळ आपल्या नावावर करून घेतला नाही.

त्याच गावातील एखादा मुलगा हातातील मोबाइलवर ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ खेळतो तेव्हा मात्र तो परक्याच्या आवारात उभा असतो. त्या खेळातील जमीन, बंदूक, नियम आणि पंच ही सारी दक्षिण कोरियातील क्राफ्टन या कंपनीची मालमत्ता आहे. २८ जुलै २०२२ रोजी सरकारी आदेशाने हा खेळ ॲपच्या बाजारातून काढून टाकण्यात आला व २०२३ च्या मे महिन्यात तो परत आला. मधल्या दहा महिन्यांत या खेळावर पोट असलेल्या व्यावसायिक संघांपाशी खेळाडू होते, करार होते, केवळ खेळ तेवढा नव्हता. सरकारच्या आदेशाने जे घडले ते कंपनीच्या इच्छेनेही कोणत्याही दिवशी घडू शकते. मैदानच गुंडाळून नेता येते, ही गोष्ट क्रीडेच्या इतिहासात नवी आहे, आणि ई-स्पोर्ट्समधील लीग व संघ यांच्यातील भांडणे समजून घ्यावयाची तर येथूनच आरंभ केला पाहिजे.

या व्यवसायात मालकांचे तीन थर आहेत. सर्वांत वर खेळाची निर्माती कंपनी. तिच्या परवान्यावर स्पर्धा भरवणाऱ्या लीग दुसऱ्या थरात. तिसऱ्या थरात संघ, म्हणजे खेळाडूंना करारात बांधून त्यांच्या नावावर जाहिरातदार मिळवणाऱ्या कंपन्या. या तिघांची आपापसांत सतत ओढाताण चालू असते. लीग म्हणते, आमच्याच स्पर्धेत खेळा. संघ म्हणतो, आम्हाला नफ्यात वाटा द्या, नाहीतर आम्ही आमची स्पर्धा काढतो. वृत्तपत्रांतून या भांडणाचे वर्णन लीगविरुद्ध संघ असे येते आणि वाचकाची सहानुभूती साहजिकच संघाकडे झुकते. कारण संघ म्हटले की खेळाडू डोळ्यांसमोर येतात. ही चूक मोठी आहे. संघ म्हणजे खेळाडू नव्हेत. गिरणी म्हणजे गिरणी कामगार नव्हेत, हे ज्या महाराष्ट्राने १९८२ च्या संपात पाहिले, त्याला हा भेद वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

याचा स्वच्छ पुरावा २०१६ साली मिळाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये उत्तर अमेरिकेतील सात संघांच्या मालकांनी ‘प्रोफेशनल ई-स्पोर्ट्स असोसिएशन’ नावाची संस्था स्थापन केली. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळाची स्वतःची लीग काढू आणि तिच्या नफ्यात खेळाडूंनाही वाटा देऊ, असे त्यांनी जाहीर केले. घोषणा ऐकून एखाद्या सहकारी संस्थेची आठवण व्हावी! प्रत्यक्षात काय घडले? ईएसएल या कंपनीची ‘प्रो लीग’ आधीपासून चालू होती आणि खेळाडूंना तीतही उतरावयाचे होते. मालकांना मात्र आपल्या लीगला प्रतिस्पर्धी नको होता. प्रो लीगमधून बाहेर पडण्याचा त्यांचा विचार स्पष्ट होताच, डिसेंबरमध्ये या सातांपैकी पाच संघांच्या पंचवीस खेळाडूंनी जाहीर पत्र काढले. आम्ही कोठे खेळावे हे ठरवण्याचा अधिकार आमचा राहील असे आम्हाला सांगण्यात आले होते, तो अधिकार आम्हाला हवा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पत्र प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच त्या वादापायी शॉन गॅरेस या खेळाडूला टीएसएम या संघाने काढून टाकले. परंतु उरलेले डगमगले नाहीत, आणि २०१७ च्या जानेवारीत मालकांच्या संस्थेला आपली नियोजित लीग गुंडाळून ठेवावी लागली. नफ्यातील वाटा देऊ करणाऱ्या मालकाने कामगाराचे पहिले स्वातंत्र्य, म्हणजे काम कोठे करावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य, आधी आपल्या खिशात घातले होते. पंचवीस तरुणांनी ते वेळीच ओळखले, ही लहान गोष्ट नव्हे.

हे अमेरिकेतील श्रीमंतांचे तंटे आहेत, त्यांचा आपणाशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. त्याने २००७ साल आठवावे. सुभाष चंद्रा यांच्या झी समूहाने त्या वर्षी ‘इंडियन क्रिकेट लीग’ काढली. तिचा एक संघ मुंबईच्या नावाने उतरला. ज्यांना भारतीय संघाचे दार कधी उघडले नव्हते आणि रणजी सामन्यांच्या मानधनावर ज्यांचे भागत नव्हते, असे अनेक तरुण या लीगमध्ये गेले. मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि त्या वेळी शरद पवार ज्याचे अध्यक्ष होते त्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने काय केले? या खेळाडूंना देशांतर्गत क्रिकेटची सारी दारे बंद केली. कपिल देव लीगशी जोडले गेले म्हणून त्यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केले. आणि सप्टेंबरमध्ये मंडळाने आपल्याच मालकीच्या इंडियन प्रीमियर लीगची घोषणा केली. ‘बंडखोर’ लीग दोन वर्षांत निपचित पडली. २००९ मध्ये मंडळाने ‘माफी’ जाहीर केली व लीगशी संबंध तोडणाऱ्यांना परत घेतले. माफी! गुन्हा कोणता, तर मंडळाच्या परवानगीवाचून क्रिकेट खेळून पैसे मिळवले हा.

पुढे २०१३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मंडळाला ५२.२४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रक्षेपणाचे हक्क विकताना मंडळाने करारात आश्वासनच दिले होते की, आयपीएलशी स्पर्धा करील अशी दुसरी व्यावसायिक लीग आम्ही भरवणार नाही आणि तिला मान्यताही देणार नाही. अपिलात तो आदेश रद्द झाला. पुन्हा चौकशी होऊन २०१७ मध्ये आयोगाने तेवढाच दंड नव्याने लावला. कागदावर न्याय झाला असे म्हणता येईल. परंतु ज्या पोरांच्या उमेदीची दोन वर्षे गेली, त्यांना त्या आदेशाने काय परत दिले? आणि लक्षात घ्यावे की क्रिकेट मंडळाच्या मालकीचे नव्हते. मंडळाची मैदाने मिळेनात तेव्हा त्या लीगने पंचकुला येथे सामने भरवलेच. बॅट आणि चेंडू बाजारात मिळत होते. ई-स्पोर्ट्समध्ये ही पळवाटही उरत नाही. निर्मात्या कंपनीचा परवाना नसेल तर पंचकुला नाही आणि चेंडूही नाही.

भंडारा-गोंदिया पट्ट्यातील कार्यकर्त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. विडी उद्योगात कारखानदार, ठेकेदार आणि घरी बसून विड्या वळणारी बाई अशी उतरंड होती. मजुरीचा प्रश्न काढला की कारखानदार ठेकेदाराकडे बोट दाखवी आणि ठेकेदार कारखानदाराकडे. या दोघांमध्ये दरावरून भांडण झाले तर विड्या वळणाऱ्या बाईचे काम बंद. त्यांचे जुळले तर निकृष्ट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांच्या नावाने तिच्या मजुरीला कात्री. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा झाला, १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि ठेकेदाराआड लपणाऱ्या मूळ मालकावर जबाबदारी आली. कायद्याची अंमलबजावणी किती झाली, हा वेगळा आणि कटू विषय आहे. परंतु मूळ मालक कोण, हा प्रश्न कायद्याने तरी विचारला. ई-स्पोर्ट्सच्या बाबतीत तो अद्याप कोणी विचारलेला नाही.

उलट वरच्या थरातील मालकी झपाट्याने एकवटत आहे. २०२० मध्ये ईएसएलने तेरा संघांशी ‘लूव्र करार’ केला. त्याने त्या संघांना प्रो लीगमध्ये दीर्घ मुदतीचे स्थान व उत्पन्नात वाटा मिळाला. म्हणजे लीग आणि संघ यांचे भांडण मिटले, आणि बाहेरच्यांसाठी दार अरुंद झाले. २०२२ च्या जानेवारीत सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या कंपनीने ईएसएल व तिची प्रतिस्पर्धी फेसइट या दोन्ही कंपन्या मिळून दीड अब्ज डॉलरना घेतल्या. पुढे काउंटर-स्ट्राइकच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ मध्ये फर्मान काढले की, २०२५ पासून स्पर्धा भरवणाऱ्यांचे सहभागी संघांशी असे खास व्यावसायिक संबंध चालणार नाहीत आणि प्रवेश गुणानुक्रमाने किंवा खुल्या पात्रता फेरीतूनच द्यावा लागेल. नियम चांगला आहे, यात शंका नाही. परंतु तो कोणत्याही विधिमंडळाने केला नाही, खेळाडूंना विचारून झाला नाही, आणि ज्याने तो केला तोच उद्या तो फिरवू शकतो. भल्या जमीनदाराच्या गावातील कुळांची स्थिती याहून वेगळी नसे. भारतातही चित्र निराळे नाही: क्राफ्टनने २०२१ मध्ये नॉडविन या स्पर्धा भरवणाऱ्या भारतीय कंपनीत १६४ कोटी रुपये गुंतवले. मैदानाचा मालकच जत्रेचा भागीदार झाला.

या साऱ्यात खेळाडूंची संघटना काय करू शकते, याचे एक उदाहरण २०२३ च्या मे महिन्यात घडले. ‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या उत्तर अमेरिकन लीगमधील संघांना दुय्यम श्रेणीचे संघ सांभाळण्याची सक्ती होती. खर्च परवडत नाही, अशी मालकांची तक्रार. रायट कंपनीने सक्ती उठवली आणि दहांपैकी सात संघांनी दुय्यम श्रेणीतून अंग काढून घेतले. खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक मिळून सुमारे सत्तर जणांची कामे गेल्याचे खेळाडू संघटनेने सांगितले. येथे लीग आणि संघ यांच्यात एकमत होते, म्हणूनच माणसे बेकार झाली! मुख्य लीगच्या खेळाडूंनी मतदान करून बहिष्कार पुकारला. त्यांची स्वतःची पदे सुरक्षित होती. ते उभे राहिले खालच्या श्रेणीतील पोरांसाठी. कंपनीने बदली खेळाडू मिळावेत म्हणून पात्रतेची अट सैल केली, हंगाम रद्द करण्याची धमकी दिली, सामने दोन आठवडे पुढे ढकलले. अखेर तडजोडीत दुय्यम श्रेणीसाठी तीन लाख डॉलर एकरकमी मिळाले. श्रेणीत चढउताराची मागणी मात्र नाकारली गेली. विजय अर्धामुर्धाच होता. शिवाय ही संघटना २०१७ मध्ये रायटच्याच पैशाने सुरू झाली होती, हेही विसरून चालणार नाही. तरीही मालकाच्या पैशाने जन्मलेली संघटना मालकाविरुद्ध उभी राहिली, हे कामगार चळवळीच्या जुन्या कार्यकर्त्यांना सुखावणारे आहे.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्याने पैशाच्या जुगारी खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. जुगार आणि स्पर्धा यांत भेद केला, हे योग्यच झाले. परंतु खेळाडूचा करार कसा असावा, संघाने स्पर्धेवर बहिष्कार टाकला तर त्याच्या वेतनाचे काय, संघ सोडल्यावर त्याला किती काळ अडवता येईल, याविषयी त्या कायद्यात तरतूद नाही. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम कोणालाही व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरवते. त्याच कायद्याच्या ११ व्या कलमानुसार अल्पवयीन मुलगा करारच करू शकत नाही, आणि हा खेळ खेळणारी पोरे बहुधा शाळा-महाविद्यालयांतली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात जे आहे तेवढेच खेळाडूचे संरक्षण.

चळवळीतील अनेकांना या विषयाचाच तिटकारा आहे. मोबाइलच्या नादाने मुले वाया जातात, त्यात कामगार प्रश्न कोठून आला, असे ते विचारतात. व्यसनाची चिंता खरी आहे आणि ती घराघरांत आहे. परंतु दारूच्या भट्टीवर राबणाऱ्याचे किमान वेतन दारू वाईट म्हणून कोणी नाकारत नाही. नामांकित खेळाडू लाखो रुपये मिळवतात हेही खरे. त्यांच्यामागे दहा-बारा तास सराव करून तोंडी आश्वासनावर जगणारे किती, याची मोजदाद कोणी केलेली नाही. कबड्डीत नाव काढलेल्या मुलाला तालुक्यात चार लोक ओळखतात, सल्ला देतात. मोबाइलवर नाव काढलेल्या मुलाला दूरच्या शहरातील संघाचा कागद फोनवरच येतो, इंग्रजीत येतो, आणि तो फोनवरच सही करून मोकळा होतो.

तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. तेथे संघटना बांधताना पहिले काम हजेरीपट आणि पगाराची चिठ्ठी तपासण्याचे असते. तोच नियम येथेही लावता येईल. करार कोणत्या भाषेत आहे, त्याची प्रत घरी आहे काय, मुलाचे वय काय, सही कोणाची आहे, संघ आणि लीग यांचे बिनसले तर त्या महिन्याचा पैसा कोण देणार, संघ सोडल्यावर किती महिने घरी बसावे लागेल. बपेरा, सिहोरा, तुमसर येथील कार्यकर्त्यांना हे विचारण्यासाठी नव्या कायद्याची किंवा अधिवेशनाच्या ठरावाची वाट पाहावी लागणार नाही. मिळतील ती उत्तरे मात्र त्यांनी लिहून ठेवावीत, कारण ऑनलाइन गेमिंग कायद्यात खेळाडूंसाठी दुरुस्ती मागावयाची झाली तर दिल्लीला तीच द्यावी लागतील.