‘करारी पण प्रेमळ’: ‘बनगरवाडी’वरची आपली उत्तरे

अभ्यासक्रमात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ नेमलेली असेल तर प्रश्नपत्रिकेतले दोन प्रश्न न पाहताही सांगता येतात. ‘कारभारी किंवा राजाराम मास्तर यांचे स्वभावचित्र रेखाटा’ हा एक, आणि ‘बनगरवाडीतून घडणारे ग्रामीण जीवनाचे दर्शन तुमच्या शब्दांत लिहा’ हा दुसरा. उत्तरेही तितकीच ठरलेली आहेत. कारभारी करारी पण प्रेमळ असतो, मास्तर ध्येयवादी असतो, आनंदा रामोशी चोर असूनही दिलदार असतो, दादू बालट्या खलप्रवृत्तीचा असतो, अंजी अल्लड असते आणि उरलेले सगळे धनगर भोळे, अडाणी व अंधश्रद्ध असतात. प्रश्नात ‘तुमच्या शब्दांत’ असे म्हटलेले असले तरी शंभर उत्तरपत्रिकांत शब्द एकच असतात. तपासणारा विशेषणे मोजतो आणि गुण देतो. परीक्षा पार पडते.

या उत्तरांबद्दल प्राध्यापकांच्या खोलीत जी हळहळ व्यक्त होते, ती बहुतेक वेळा विद्यार्थ्यांच्या नावाने असते. मुले मूळ पुस्तक वाचत नाहीत, गाईड पाठ करतात, त्यांना भाषा नाही, वगैरे. मला ही तक्रार अप्रामाणिक वाटते. गाईड हे आपल्या प्रश्नांचे प्रतिबिंब आहे. आपण जे विचारतो तेच ते छापते. ‘स्वभावचित्र रेखाटा’ असे म्हटल्यावर विशेषणांची यादी येणार, कारण प्रश्नाने मागितली आहे ती यादीच. तेव्हा प्रश्न काढणाऱ्यांनी आधी आपल्याकडे पाहावे. माझे म्हणणे असे, की हा प्रश्नप्रकार ‘बनगरवाडी’ला लागू पडत नाही, आणि ज्या विद्यार्थ्याला ही कादंबरी सर्वांत अधिक कळू शकते, नेमक्या त्यालाच तो गप्प बसवतो.

आधी कादंबरीचे पाहू. ‘माणदेशी माणसं’ हा व्यक्तिचित्रांचा संग्रह 1949 चा आणि ‘बनगरवाडी’ 1955 ची. म्हणजे एकेका माणसाचे चित्र कसे काढायचे हे माडगूळकरांना पुरते अवगत होते, तशी चित्रे त्यांनी काढलीही होती. त्यानंतर त्याच मुलखावर लिहिताना त्यांनी वेगळी रचना निवडली. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, त्याला जे दिसते आणि कळते तेवढेच सांगतो, शेवटी वाडी उठते आणि शाळाही बंद होते. या रचनेत माणसे सुटी येत नाहीत. ती मास्तराच्या वाटेत येतात, त्याच्याशी आणि एकमेकांशी काही करतात, आणि पुन्हा गावात मिसळून जातात. लघुकादंबरीचा आवाकाच असा असतो, की पात्राचा पूर्वेतिहास आणि अंतरंग उलगडून सांगायला लेखकाला सवड नसते. एखाद्या कृतीतून त्याला माणूस उभा करावा लागतो. ती कृती गाळून विशेषण तेवढे ठेवले तर हाती काय उरते? अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेत कृतीला आधी आणि स्वभावाला नंतर स्थान दिले, हे आपण एम. ए. च्या वर्गात शिकवतो. बी. ए. च्या प्रश्नपत्रिकेत मात्र ते विसरतो.

कारभाऱ्याचेच घ्या. अंजी ही त्याची मुलगी. तिची चोळी मास्तर शिवून आणतो आणि एवढ्या साध्या गोष्टीवरून कारभाऱ्याच्या मनात संशय उभा राहतो. ज्याने मास्तराला गावात रुजवले, तोच त्याच्याकडे पाठ फिरवतो. ‘करारी पण प्रेमळ’ या उत्तरात या प्रसंगाला जागा कुठे? येतो तो ‘कारभारी काहीसा संशयी होता’ अशा एका वाक्यात, म्हणजे आणखी एका विशेषणात. प्रसंगाने उभे केलेले प्रश्न तसेच राहतात. गावाने परक्या माणसाला आपले म्हटले म्हणजे किती आपले म्हटले? ती सीमा कुठे होती आणि ती ओलांडली हे मास्तराला कसे कळले? आणि अंजीला काय वाटले, हे आपल्याला कितपत समजते? सांगणारा मास्तर आहे. त्याच्या नजरेबाहेरची अंजी आपल्याला दिसत नाही, तरी ती ‘अल्लड’ असल्याचे आपण बेधडक लिहून घेतो.

आनंदा रामोश्याच्या बाबतीत तर हा प्रकार निरुपद्रवीही राहत नाही. ‘चोर असूनही दिलदार’ हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचले आहे, की ते कुणाचे आहे हा प्रश्नच पडेनासा झाला होता. रामोशी हा गावगाड्यातला राखणदार. इंग्रजी राजवटीने 1871 च्या कायद्यापासून अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा कायदा देशपातळीवर रद्द झाला तो 1952 मध्ये, ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध होण्याच्या अवघी तीन वर्षे आधी. महाराष्ट्रात रामोशी समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्याचा संबंध गावातले काम, उपासमार, हक्काच्या आणि बिनहक्काच्या वस्तूंविषयीची एक वेगळी समजूत आणि सरकारी कागद या सगळ्यांशी आहे, ते आपण एका माणसाच्या ‘स्वभावा’त जमा करतो. माडगूळकरांनी तसे केलेले नाही. मास्तर आणि आनंदा यांच्यातला विश्वास त्यांनी ज्या संथपणे वाढू दिला आहे, तो वाचला तर ‘असूनही’ हा शब्द लिहिणे अवघड जावे. वर्गात त्या समाजाचा विद्यार्थी बसलेला असतो. त्याला तेच वाक्य लिहून पाच गुण मिळवायचे असतात.

शेकूच्या बायकोचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. औताला दुसरा बैल नाही म्हणून ती स्वतः बैलाच्या जोडीने जू घेते. उत्तरात याचे ‘ग्रामीण स्त्रीची कष्टाळू वृत्ती’ होते. कष्टाळू वृत्ती! पेरणीची वेळ टळली तर वर्ष जाते, बैल मिळवायला पैसा नाही, पैसा उभा करायला वाट नाही. या हिशेबाचा शेवट तिच्या खांद्यावर आलेला आहे. याला वृत्ती म्हटले की तो हिशेब मांडण्याची गरज संपते. स्वभावचित्राची खरी सोय हीच आहे: जे परिस्थितीत आहे ते माणसाच्या गुणावगुणांत ढकलता येते.

राजाराम मास्तराचे ‘आदर्श शिक्षक’ असे जे चित्र आपण मागतो, त्यात आपला थोडा स्वार्थ आहे हेही कबूल करू. ते उत्तर तपासताना आपल्यालाच बरे वाटते. पण कादंबरीतला मास्तर हा पोरसवदा, बुजलेला, वेळोवेळी निघून जावेसे वाटणारा तरुण आहे. मेंढरांमागे जाणाऱ्या पोरांना शाळेत बसवणे त्याला एकट्याला साधत नाही. कारभाऱ्याचा शब्द लागतो. गावाने श्रमदानाने तालीम बांधली, संस्थानचे राजे आले, समारंभ झाला. आणि दुष्काळ आल्यावर त्या तालमीचा कुणाला काय उपयोग झाला? मास्तराच्या ध्येयाविषयी लेखकाला काय वाटते, हा चांगला वादाचा विषय आहे. ‘ध्येयवादी’ हा शब्द तो वाद सुरू होण्याआधीच मिटवतो.

आशयसूत्राच्या प्रश्नाची गतही हीच. ‘निसर्गापुढे माणूस हतबल’, ‘गाव हाच नायक’ ही दोन सूत्रे ठरून गेली आहेत. दुसरे सूत्र कधीकाळी कुणीतरी विचार करून मांडले असेल, आज ते पाठांतर आहे. ही वाडी हवेत नाही. ती औंध संस्थानातली आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते, आणि 1939 मध्ये त्याच संस्थानाने गावपंचायतींच्या पायावर स्वराज्याची घटना स्वीकारली. हे माहीत असलेल्या विद्यार्थ्याला तालमीचा प्रसंग वेगळा दिसेल. एका लहान संस्थानाने गावाविषयी पाहिलेले स्वप्न आणि पाऊस न पडलेल्या वाडीचे वास्तव, यांतले अंतर त्याला मोजता येईल. ‘ग्रामीण जीवनाचे दर्शन’ या प्रश्नाला मात्र काळ नसतो, प्रदेश नसतो, संस्थान नसते. असते ते फक्त ‘ग्रामीण’.

आणि हे दर्शन कुणी कुणाला घडवायचे? माण, खटाव, आटपाडी, सांगोला या भागांतल्या महाविद्यालयांत बसलेली कितीतरी मुले मेंढपाळांच्या घरातली आहेत. शेतात मेंढरे बसवली की शेतकरी काय देतो, वाटेत कुठल्या गावचे लोक पाणी भरू देतात आणि कुठले हुसकतात, पावसाळ्यात कळप कसा मरतो, हे त्यांना ठाऊक असते. मेंढरे घेऊन बाहेर पडणे हा धनगरांच्या जगण्याचा नेहमीचा क्रम आहे. मग कादंबरीच्या शेवटी वाडी उठते ते नेहमीच्या जाण्याहून वेगळे कशामुळे, हे ही मुले आपल्यापेक्षा नेमके सांगू शकतील. पण त्यांना प्रश्न असा येतो, की आपल्याच आजोबांना ‘भोळे, अडाणी व अंधश्रद्ध’ म्हटल्यावाचून गुण मिळू नयेत. ती निमूटपणे तसे लिहितात. साहित्याच्या शिक्षणाने इथे केले काय? वाचकाकडे जे होते, तेच त्याच्याकडून काढून घेतले.

यावर ठरलेले आक्षेप आहेत. पहिला असा, की पहिल्या पिढीतून शिकायला आलेल्या मुलांना चौकट लागते. मोकळा प्रश्न दिला तर ती कोरे पान देतील. चौकट लागते हे मान्य. पण प्रसंग ही विशेषणापेक्षा अधिक भक्कम चौकट आहे. ‘चोळीच्या प्रसंगाआधी आणि नंतर कारभारी मास्तराशी कसा वागतो, ते दोन-दोन घटना देऊन लिहा’ या प्रश्नात मोकळे काय आहे? ‘तालीम बांधल्याने गावात काय बदलले आणि काय बदलले नाही?’, ‘मास्तर सांगत नसता, अंजी सांगत असती, तर कोणते प्रसंग वेगळे दिसले असते?’ हे प्रश्न पुस्तक वाचलेल्या सामान्य विद्यार्थ्याला सुटतात. न वाचलेल्या हुशार विद्यार्थ्याला सुटत नाहीत. परीक्षेकडून याहून वेगळे काय हवे?

दुसरा आक्षेप तपासणीचा. गठ्ठे मोठे, दिवस थोडे, आणि आदर्श उत्तर ठरलेले नसेल तर गुणांत तफावत पडते. यातला त्रास खरा आहे. पण समान गुण देता यावेत म्हणून समान उत्तरे मागायची, हे मूल्यमापन नव्हे, जुळणी आहे. निकष उत्तराचा मजकूर ठरवू नये. प्रसंग नेमका सांगितला आहे का, त्यावरून निघालेला निष्कर्ष त्याला धरून आहे का, एवढे त्याने पाहावे. त्यावरही गुण समान देता येतात.

शिवाय आता एक नवी गोष्ट झाली आहे. कारभाऱ्याचे स्वभावचित्र मोबाइलमधले कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन काही सेकंदांत लिहून देते, तेही शुद्धलेखनाच्या चुकांशिवाय. अंतर्गत मूल्यमापनाच्या निबंधांत ते दिसू लागल्यावर आपल्यात खळबळ उडाली आहे. खरे तर इतकी वर्षे आपण माणसांकडून जे लिहून घेत होतो त्याला माणूस लागत नव्हता, एवढेच त्यातून सिद्ध होते. बंदी, शपथपत्रे, हस्तलिखिताची सक्ती हे उपाय सुचवणाऱ्यांनी एकदा आपला प्रश्न वाचून पाहावा.

अभ्यासमंडळाच्या मान्यतेवाचूनही एवढे करता येईल: पुढच्या सत्राचे प्रश्न काढताना ‘स्वभावचित्र’ हा शब्द वापरायचा नाही, आणि दहा गुणांचा निदान एक प्रश्न असा ठेवायचा की ज्याचे उत्तर आपल्यालाही आधी ठाऊक नाही. अशी उत्तरे तपासायला वेळ लागेल, काही वाचून आपले मत बदलावे लागेल, काही आपल्याला खोडून काढतील. एखादी मेंढपाळाची मुलगी असेही लिहील, की कादंबरीतल्या मास्तराला आमच्यातले बरेच काही कळलेच नाही. तिला पूर्ण गुण देण्याची तयारी असेल, तरच आपण ‘बनगरवाडी’ शिकवतो असे म्हणावे.