पाहुण्याची ओळख

परीक्षेची आदली संध्याकाळ. आमच्या मोशीच्या कॉलेजात साठ मुलांची प्रवेशपत्रे छापायची राहिलेली, आणि माझा जुना संगणक शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरला काही केल्या जोडेना! पडद्यावर त्रुटीचा लांबलचक आकडा, शेवट ‘११बी’.

वाचकहो, प्रिंटर निर्दोष होता. सप्टेंबर २०२१मध्ये विंडोजच्या सुधारणेने प्रिंटर सांभाळणारा संगणक येणाऱ्याची पक्की ओळख मागू लागला. आधीच्या सुधारणा न घेतलेल्या जुन्यांना दार बंद!

“हा पहाराच उठवू या का?” मी विचारले.

“सर, पाहुण्यासाठी घराची कडी मोडतात का?” भाऊसाहेब म्हणाले.

त्या रात्री पेन ड्राइव्ह नेऊन शेजारच्या संगणकावरून छपाई उरकली. दुसऱ्या दिवशी जुन्याला राहिलेल्या सुधारणा दिल्या. म्हाताऱ्याने ओळख पटवली, दार उघडले. कडी शाबूत!