बोट मालाकडेही दाखवा

कर्करोगामुळे गुदद्वार किंवा मूत्राशय काढावे लागले, की शौचाची वा लघवीची वाट पोटावर काढली जाते. तिला स्टोमा म्हणतात. तिथे रोखून धरणारा स्नायू नसतो. ते काम पिशवी आणि तिला त्वचेशी धरणारी चकती, म्हणजे फ्लँज, करते. वापरणाऱ्यासाठी ती शरीराचाच भाग असते.

त्यामुळे एरवी तीन दिवस टिकणारी चकती काही तासांत कडेने सुटते, तेव्हा फक्त कपडे खराब होत नाहीत. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मलातील पाचकरस त्वचा सोलून काढतात. सोललेल्या, ओल्या त्वचेवर पुढची चकती धरतच नाही. माणूस कामाला, लग्नाला, एसटीने गावाला जाणे टाळू लागतो. दुप्पट चकत्यांचा भुर्दंडही त्याच्याच माथी.

तक्रार केली की उत्तर ठरलेले: ‘तुम्हीच नीट चिकटवली नसेल.’ कधी ते खरेही असते. छिद्र मोठे कापले जाते, वजन बदलते. स्टोमा नर्सकडून ते आधी तपासून घ्यावेच. पण माप तेच, हात तोच, सवय वर्षानुवर्षांची आणि बदलला फक्त खोका, तर बोट मालाकडेच दाखवले पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘अ’ वर्गातील, निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. रोजच्या वापराच्या पिशव्या याच वर्गातल्या. त्यांना ऑनलाइन नोंदणी पुरते. परवाना नसेल, तर बाजारातली तपासणी तरी कडक हवी. दुकानांतून नमुने उचलून चिकटपणा आणि गळती आपल्या दमट उन्हाळ्यात तपासावी; गोदामातल्या उष्णतेने चिकटद्रव्य बिघडते, तेही पाहावे. सरकारी रुग्णालयांनी निविदेत नगाचा भाव नव्हे, तर वापराच्या एका दिवसाचा खर्च मोजावा. लवकर सुटणारी स्वस्त चकती शेवटी महागच पडते.

उपकरणांच्या दोषांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१५ पासून आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो. त्यासाठी खोका फेकू नये, बॅच क्रमांक आणि सुटलेल्या चकतीचे छायाचित्र जपावे. संकोचापोटी गिळलेली तक्रार कुठल्याच दप्तरात जात नाही आणि दप्तरात नसलेला दोष कुणी दुरुस्त करत नाही. रुग्णाने लाज बाजूला ठेवून कळवावे. शासनाने त्या प्रत्येक बॅचचा माग काढावा.