वेगाचा आकडा आणि वाड्याच्या भिंती

आमच्या शेजारच्या वाड्यातील काका टपालखात्यातून निवृत्त झाले, त्यास आता बारा वर्षे होतील. त्यांची एकुलती एक लेक कॅनडात असते. रविवारी सायंकाळी व्हिडिओवर नातवंडांचे मुखदर्शन घेणे हा काका-काकूंच्या आठवड्यातील मुख्य सोहळा होय. गेल्या पावसाळ्यात हा सोहळा वरचेवर मोडू लागला. लेकीचा चेहरा मध्येच थिजावा, आवाज तुटावा, आणि ‘ऐकू येतंय का?’ एवढ्याच प्रश्नोत्तरात निम्मा वेळ सरावा. काकांनी कंपनीस फोन केला. कंपनीने सांगितले, वरची योजना घ्या. काकांनी 40ची 100 केली, 100ची 300 केली. पेन्शनीतून जास्तीचे पैसे जाऊ लागले, पण चित्र होते तसेच थिजत राहिले. अखेर एके दिवशी मोबाइल पुढे करून ते आम्हांस म्हणाले, “मास्तर, पैसे घेतात तीनशेचे आणि देतात अकरा. ही सरळ लूट नव्हे का?”

पडद्यावर आकडा खरोखरच 11 होता. आम्ही पडलो भाषेचे विद्यार्थी; यंत्राशी आमचा संबंध बेताचा. परंतु शाळेचे ऑनलाइन फॉर्म भरताना या आकड्यांनी आम्हांसही पुष्कळ छळलेले असल्याने थोडी माहिती करून घ्यावी लागली होती. ज्या घरांची मुले दूरदेशी आहेत अशी घरे आमच्या वाचकांत थोडीथोडकी नाहीत, म्हणून ती येथे देत आहोत.

प्रथम एकक पाहू. योजनेतील 100 म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट; मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हा 100च्या योजनेवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात, आणि दीड हजार मेगाबाइटचा चित्रपट उतरावयास दोन मिनिटे लागतात. ‘शंभर सांगून बारा दिले’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांची गफलत येथेच झालेली असते.

आता आमच्या इंदूरकरांस कळेल असा दाखला देतो. जलूदहून नर्मदेचे पाणी शहरात येते; गल्लीतील नळाला जोर असतो, पण तेच पाणी माडीवरच्या गंजलेल्या नळातून करंगळीएवढ्या धारेने पडते. बादली माडीवर भरावयाची आणि दोष नर्मदेस द्यावयाचा, हा न्याय नव्हे. स्पीड टेस्ट ही अशीच, जेथे आपण उभे असू तेथली बादली आहे. कंपनीची तार, राउटर, वाय-फायची लहर आणि हातातला मोबाइल, या साऱ्यांतील जे सर्वांत अरुंद, त्याचाच आकडा पडद्यावर येतो. काकांनी ही चाचणी घेतली होती माजघरात. राउटर होता ओसरीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे. मध्ये दोन हात जाडीच्या दोन भिंती!

राउटर बहुधा दोन लहरींवर बोलतो. 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे पोचते, पण ती मंद, आणि शेजारपाजारच्या साऱ्या राउटरांची तिच्यावर गर्दी. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जाड भिंतीपुढे ती हात टेकते. आमच्या आजोबा-पणजोबांनी वाडे बांधले ते उन्हाळ्यासाठी; त्यांनी हा विचार करावयास हवा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पडद्यावर आणखी दोन आकडे असतात. काकांनी त्यांकडे पाहिलेच नव्हते. डाउनलोड म्हणजे आपणांकडे येणारा ओघ आणि अपलोड म्हणजे आपणांकडून जाणारा. लेकीला आपला चेहरा दिसावयाचा तो अपलोडवर. व्हिडिओच्या संभाषणास दोन्हीकडे सेकंदाला तीन-चार मेगाबिट पुरतात. 300ची आवश्यकताच नाही. तिसरा आकडा पिंग, म्हणजे हाक मारल्यापासून ‘ओ’ येईपर्यंतचा काळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. तो नुसता लहान असून भागत नाही, स्थिरही असावा लागतो. काकांच्या माजघरात तो एकदा 40 तर लगेच 260 होता, आणि अपलोड जेमतेम एक. चेहरा थिजण्याचे कारण हे होते.

पिंगबाबत एक गोष्ट मात्र पैशाने विकत मिळत नाही. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. इंदूरहून टोरांटो सरळ रेषेत धरले तरी सुमारे 12,000 किलोमीटर; म्हणजे जाऊन येण्यास 120 मिलिसेकंद हवेतच, आणि समुद्रतळाच्या तारा सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. चाचणी मात्र बहुधा जवळच्याच सर्व्हरशी होते, कित्येकदा त्याच कंपनीच्या जाळ्यातल्या. तेथे आलेला सुंदर आकडा कॅनडाच्या वाटेची हमी देत नाही.

आम्ही काकांसह एक प्रयोग केला. घरातील बाकीचे मोबाइल व टीव्ही बंद केले, राउटरजवळ उभे राहून चाचणी घेतली: 92. मग लॅपटॉपला राउटरची तार थेट जोडली: 94. काका हरखले, पण लगेच थबकले. “मग तीनशे कुठे आहेत?” प्रश्न रास्त होता. राउटर होता जुना, 40च्या काळातला. त्याची तार जोडण्याची खोबणच 100 मेगाबिटांची, आणि वरखर्च वजा जाता तीतून सुमारे 94च निघतात. तीनशेची योजना विकणाऱ्याने हा राउटर बदलावयास हवा, हे सांगितले नव्हते. येथे मात्र आम्ही काकांच्या बाजूचे आहोत. जाहिरातीत 300च्या पुढे लहान अक्षरांत ‘पर्यंत’ छापले की विक्रेत्याचे कर्तव्य संपते, असे आम्ही मानीत नाही.

तक्रार करावयाची झाल्यास तारेने जोडून, एकाच सर्व्हरवर, सकाळी, दुपारी व रात्री नऊच्या सुमारास चाचणी घ्यावी आणि तीन-चार दिवसांचे आकडे वहीत टिपावेत. मासिक मर्यादा संपल्यावर वेग मुद्दाम उतरविला जातो, तो दिवस तर नाही ना, हेही पाहावे. मोबाइलच्या मोजक्या डेटावर मात्र चाचणी वारंवार घेऊ नये. 100 मेगाबिटच्या वेगाने दहा सेकंद म्हणजे सव्वाशे मेगाबाइट खर्च. कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. सरकारी व्याख्येवर मात्र विसंबू नये. ब्रॉडबँड म्हणजे किमान किती, हे 2004 साली 256 किलोबिट होते, 2013 साली 512 झाले आणि 2023 साली 2 मेगाबिट. शंभराची योजना 3 मेगाबिट देऊ लागली, तरी व्याख्येने ती ब्रॉडबँडच ठरेल.

काकांनी तारवाल्याकडून तार वाढवून राउटर माजघरात, उंच फळीवर आणविला आणि योजना पुन्हा 100वर उतरविली. माजघरात आता 78 येतात, अपलोड 70, पिंग बारा-तेराच्या आसपास स्थिर. पुढल्या रविवारी चित्र एकदाच थिजले. काका तडक आमच्याकडे यावयास निघाले होते, तेवढ्यात लेकीने तिकडून सांगितले, “बाबा, तुमचं नाही, आमचंच आहे. तुमच्या नातवानं खेळ डाउनलोडला लावलाय.”