गोडवा जिमचा, हिशेब कॅथरचा

विला कॅथरची ‘माय आंतोनिया’ (१९१८) म्हणजे नेब्रास्काच्या माळरानाचं हळवं स्मरणरंजन, हा आक्षेप जुनाच. कॅथर भूतकाळात पळ काढते, असा ठपका ग्रॅनव्हिल हिक्सने १९३३ साली ठेवला. महामंदीत असले ठपके चटकन चिकटतात.

पण हळवा आहे तो निवेदक जिम बर्डन. मोठेपणी तो एका बड्या रेल्वे कंपनीचा वकील झाला आहे. युरोपातली गरीब कुटुंबं या माळावर आणून सोडली ती असल्याच रेल्वेने. त्याला बालपण सोनेरी दिसणारच! कॅथर मात्र त्याच्याच तोंडून वेगळा हिशेब वदवून घेते. बोहेमियातून आलेल्या आंतोनियाच्या कुटुंबाला, शिमेर्डांना, त्यांचाच देशबंधू क्रायेक लुबाडतो. दहा डॉलरचीही नसलेली जुनी चूल वीसला गळ्यात मारतो. कुटुंब जमिनीत खणलेल्या बिळात राहतं. पहिल्याच हिवाळ्यात बाप गोठ्यात स्वतःवर गोळी झाडून घेतो आणि शेजारचे नॉर्वेजियन आपल्या दफनभूमीत त्याला जागा नाकारतात. ज्या ॲना पाव्हेल्कावरून आंतोनिया उभी राहिली, तिच्या वडिलांचा शेवटही आत्महत्येनेच झाला होता.

भल्या माणसांनाही कॅथर सोडत नाही. शिमेर्डाबाई मायदेशाहून जपून आणलेली सुकी अळंबी जिमच्या आजीला देते. आजीला ती ओळखू येत नाहीत. घरी येऊन ती सगळी चुलीत टाकते. मदतीला धावणाऱ्या शेजाऱ्याचं अज्ञान इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवलं असेल.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. इथल्या मूळनिवासी पॉनी लोकांना १८७०च्या दशकात नेब्रास्कातून हलवलं गेलं. त्यांच्या वाट्याला कादंबरीत जवळजवळ काहीच नाही.

राहिला ‘भूमाते’चा आरोप: कॅथरने म्हणे आंतोनियाची मूर्ती केली. लग्नाचं वचन देऊन लॅरी डोनोव्हन तिला डेनव्हरमध्ये टाकून जातो. ती माघारी येते, शेतात राबते, मूल जन्माला घालते. मग त्या अनौरस लेकीचा मोठा फोटो सोनेरी चौकटीत गावातल्या छायाचित्रकाराच्या दुकानात झळकतो. गावाला ती तोंड लपवून बसायला हवी होती. मूर्त्या असला हट्ट करत नाहीत. आणि प्रेम? बालमैत्रिणीवर प्रेम असल्याचं सांगणारा जिम वीस वर्षं तिच्याकडे फिरकत नाही. ती म्हातारी, खचलेली दिसेल याची त्याला धास्ती असते. हे तो स्वतःच कबूल करतो, तरी हळवेपणाचं खापर फुटतं ते कॅथरच्या माथी.