प्रयोगशाळेतील थकलेले हात

रुग्ण डॉक्टरला ओळखतो, परिचारिकेलाही ओळखतो. परंतु ज्या अहवालाच्या आधारे त्याच्या औषधाची मात्रा ठरते, तो तयार करणारा तंत्रज्ञ त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो. जो दिसत नाही त्याची कदर होत नाही, हा आपल्या सार्वजनिक व्यवहाराचा जुनाच नियम आहे. वैद्यकीय प्रयोगशाळांत राबणाऱ्या वर्गाच्या वाट्यास आलेल्या उपेक्षेचे मूळ येथेच आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ गोमंतकाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली, तेव्हा येथील संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवावे लागत होते. जेथे १८४२ सालीच वैद्यकीय शिक्षणाचा पाया घातला गेला, त्या भूमीला हे परावलंबन शोभणारे नव्हते. महिनाअखेर बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी सुरू झाली आणि प्रयोगशाळेचे मोल सर्वांस उमगले. ३ मे २०२० रोजी देशातील रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टीही झाली. ती फुले सुकली आणि तिच्यामागची कृतज्ञताही ओसरली.

सार्वजनिक आरोग्यसेवेत तंत्रज्ञांना कंत्राटावर नेमण्याची प्रथा आज देशभर रूढ झाली आहे. एकाच टेबलावर, एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकास वेतनश्रेणी व निवृत्तीची तरतूद, तर दुसऱ्यास ठोक मानधन आणि मुदतवाढीची प्रतीक्षा! ज्याला पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, त्याने आजच्या कामात जीव ओतावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

हा प्रश्न केवळ नोकरदारांचा नव्हे. प्रयोगशाळेतील बहुसंख्य चुका यंत्रात होत नाहीत. त्या नमुना घेताना, नळीवर नाव लिहिताना, नमुना पोचविताना होतात. घाईने रक्त काढल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियमचे प्रमाण नसतेच वाढलेले दिसते. साध्या नळीतील रक्त तासन् तास पडून राहिल्यास त्यातील साखर घटते. ही दक्षता माणसाचीच असते. कर्मचारी अपुरे, पाळ्या लांबलेल्या आणि मन खचलेले असताना नवीन यंत्रांची उद्घाटने करीत राहणे, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तिजोरीवरील भाराची सबब नेहमीचीच. कायदाही वर्षानुवर्षे याच बाजूने वाचला गेला. केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी प्रकरणी म्हटले होते. परंतु त्या निकालाची ढाल करून दीर्घकाळ राबणाऱ्यांचे न्याय्य दावे नाकारता येणार नाहीत, असे त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने शिक्षण व नोंदणीची चौकट दिली. पण नोंदणीच्या दाखल्याने घरची चूल पेटत नाही.

आमच्या मते सरकारने तीन गोष्टी विनाविलंब कराव्यात: कायमस्वरूपी कामासाठी कायम पदे भरावीत, समान कामास समान वेतन द्यावे आणि नमुन्यांच्या संख्येच्या प्रमाणात मनुष्यबळ ठरवावे. ही मेहेरबानी नव्हे. त्या नळीत उद्या आपलेच रक्त असणार आहे, एवढे ध्यानी ठेवले तरी पुरे.