चाप ओढण्याआधीचे दोन सेकंद

‘‘अहो, पायावर गोळी झाडायची ना! थेट छातीवर कशाला?’’ पोलीस गोळीबाराची बातमी वाचली की सकाळच्या चहाबरोबर हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यावर दुसरा म्हणतो, ‘‘मग पोलिसांनी काय नुसता मार खायचा?’’ बहुधा दोघांपैकी कुणीही कधी पिस्तूल हातात धरलेले नसते. असते ते सिनेमातले ज्ञान. तिथे नायक धावता धावता गोळी झाडतो आणि ती नेमकी खलनायकाच्या मनगटाला लागते!

भिलाईत मात्र हा विषय चहाच्या कपाबरोबर संपत नाही. पोलाद कारखान्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून, महाराष्ट्रातूनही कुटुंबे येऊन वसलेले हे शहर. १९९२ साली ते मध्य प्रदेशात होते. त्या वर्षी १ जुलैला छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे कामगार बायकामुलांसह पॉवर हाऊस रेल्वे स्थानकाजवळ रुळांवर बसले होते. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची आदल्याच वर्षी भिलाईत हत्या झाली होती. कामावरून काढलेल्यांना परत घ्या, ही कामगारांची मागणी होती. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात १६ कामगार मृत्युमुखी पडले. एक पोलीस अधिकारीही मारला गेला. कामगार वस्त्यांत आजही १ जुलै हा शहीद दिन म्हणून पाळला जातो.

शस्त्र हाती असलेल्या माणसाला त्या क्षणी काय दिसते? काय सुचते? हे सामान्य नागरिकाला कळायचे कसे? एक मार्ग आहे. पोलिसांना जे प्रशिक्षण देतात, ते काही तास नागरिकालाच देऊन पाहायचे. अमेरिकेत असे प्रयोग झाले आहेत.

टीकाकाराच्या हाती पिस्तूल

डिसेंबर २०१४ मध्ये फिनिक्स शहरात एक निःशस्त्र कृष्णवर्णीय माणूस पोलिसाच्या गोळीला बळी पडला. त्याच्याजवळची औषधाची बाटली पोलिसाला पिस्तूल वाटली होती. याविरुद्ध मोर्चे काढणारे कार्यकर्ते जॅरेट मॉपिन यांनी पुढच्याच महिन्यात पोलीस प्रशिक्षण स्वतः घेऊन पाहिले. हातात सरावाचे शस्त्र आणि समोर गुन्हेगाराची भूमिका करणारी माणसे.

पहिल्या प्रसंगात त्यांनी वाहनतळावरच्या एका संशयिताला हटकले. काही कळायच्या आत त्यानेच गोळी झाडली. मॉपिन ‘ठार’! दुसऱ्या प्रसंगात दोघांची हाणामारी चालली होती. त्यातला एक अंगावर चालून येताच मॉपिन यांनी चाप ओढला. समोरचा माणूस निःशस्त्र होता! ज्या चुकीविरुद्ध ते रस्त्यावर उतरले होते, तीच त्यांच्या हातून घडली. पोलिसांचा हुकूम लोकांनी ऐकणे किती महत्त्वाचे आहे, हे आता उमगले, असे त्यांनी नंतर सांगितले.

खोटे गाव, खरी धडधड

असे प्रशिक्षण दोन प्रकारे देतात. एकात मोठ्या पडद्यावर प्रसंग दाखवतात आणि शिकणाऱ्याच्या हाती लेझरचे पिस्तूल असते. अशी यंत्रे बनवणारी एक प्रसिद्ध कंपनी १९८४ मध्ये जोडी शेक्टर यांनी काढली. हे शेक्टर म्हणजे १९७९ चे फॉर्म्युला वन विश्वविजेते! दुसऱ्या प्रकारात खोटे गावच उभारतात. अमेरिकेच्या एफबीआयने १९८७ मध्ये क्वांटिको येथे ‘होगन्स अ‍ॅली’ नावाचे असे गाव वसवले. तिथे बँक आहे, सिनेमागृह आहे आणि दरोडेखोर होणारे नटही आहेत.

प्रसंग खोटा असला तरी छातीतली धडधड खरी असते. नजर एका बिंदूवर खिळते, आजूबाजूचे दिसेनासे होते, आवाज नीट ऐकू येत नाहीत, बोटे थरथरतात. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर जेमतेम दीड सेकंदात कापतो. एवढ्या वेळात धावत्या पायावर नेम धरायचा कसा? शिवाय मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर पायावरची गोळीही जीव घेते.

दोन सेकंद आणि कित्येक तास

मग चहाच्या टेबलावरचा दुसरा माणूसच जिंकला का? नाही. या प्रशिक्षणाने कळते ते अर्धेच. पडद्यावरचा प्रसंग दोन सेकंदांचा असतो. भिलाईचे कामगार मात्र त्या दिवशी कित्येक तास रुळांवर होते आणि त्यांचा लढा तर कित्येक महिन्यांचा होता. तिथे बोलायला, समजूत घालायला, मध्यस्थ शोधायला वेळ होता. क्षणात झालेली चूक समजून घेता येते. हाताशी वेळ असताना तो वाया घालवणे वेगळे, त्याचा जाब विचारलाच पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेनुसार स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे, पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा नाही. जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याआधी पांगण्याचा हुकूम द्यावा, ही सर्वसाधारण रीत आहे.

महाराष्ट्रात २ जानेवारी हा पोलीस स्थापना दिन असतो. १९६१ मध्ये याच दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते राज्य पोलिसांना ध्वज मिळाला. त्या आठवड्यात शाळकरी मुलांना शस्त्रे दाखवतात. मुले कौतुकाने रायफल हाताळतात. त्यांना चाप कसा ओढतात, याबरोबर तो केव्हा ओढायचा नाही, हेही दाखवले तर? भिलाईत छत्तीसगढ सशस्त्र दलाची वाहिनीच आहे. तिथे वर्षातून एकदा शिक्षक, पत्रकार आणि कामगार नेत्यांना अशा सरावाला बोलावणे अवघड नाही. मात्र पोलिसांनीही एकदा समोरच्या बाजूला, रुळांवर बसलेल्यांच्या जागी उभे राहून पाहावे.

तोवर घरातल्या मुलांना एवढे तरी शिकवा: रात्री पोलिसांनी थांबवले तर पळू नये, हात दिसतील असे ठेवावेत, खिशात एकदम हात घालू नये. वाद घालायचा तर तो नंतर, ठाण्यात किंवा न्यायालयात घालता येतो. सुटलेली गोळी मात्र कुणालाही परत बोलावता येत नाही.